कूलर लावा, पण खिडकी उघडी ठेवा

मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या आसपास पोचतो आणि घरोघरी कूलर घरघरू लागतात. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून मग दारं-खिडक्या गच्च लावून घेतल्या जातात. एसीच्या खोलीत ते योग्यच. कूलरच्या खोलीत मात्र त्यानेच जीव घुसमटतो.

कूलर गारवा तयार करतो तो बाष्पीभवनाने. ओल्या ताट्यांमधून, म्हणजे कूलरच्या बाजूंना बसवलेल्या वाळ्याच्या किंवा गवताच्या जाळ्यांमधून, कोरडी, तापलेली हवा आत ओढली जाते, ताट्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता त्या हवेतूनच घेतली जाते. ही उष्णता थोडीथोडकी नसते. एक लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत तापवायला जेवढी लागते, त्याच्या साधारण सातपट उष्णता तेवढ्याच पाण्याची वाफ होताना शोषली जाते. एक किलो बर्फ वितळताना जेवढी शोषली जाते, तिच्याही ती सातपट. म्हणून टाकीत बर्फाच्या लाद्या टाकून फारसं काही साधत नाही. ताट्या वरपासून खालपर्यंत सारख्या भिजतात ना, हे बघणं जास्त मोलाचं. कोपरा कोरडा राहिला की तिथून लू थेट आत येते.

हवा किती गार होणार, हे तिच्या कोरडेपणावर ठरतं. बाहेर ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर चांगला कूलर २८ अंशांच्या जवळपासची हवा देऊ शकतो. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असताना तोच कूलर फार तर २९-३० अंशांपर्यंत उतरवेल. आकडे जवळजवळ सारखेच, पण मुंबईतली ती हवा बाष्पाने इतकी भरलेली असते की अंगावरचा घाम वाळतच नाही. नुसती चिकचिक. विदर्भात लाडका असलेला कूलर कोकणात रुळला नाही तो यामुळे.

आता बंद खोलीकडे या. तिथे कूलर आतलीच हवा पुन्हा पुन्हा भिजवत राहतो. थोड्याच वेळात नागपुरातल्या खोलीत मुंबई अवतरते. त्यामुळे कूलर खिडकीबाहेर बसवावा, बाहेरची कोरडी हवा त्याला मिळू द्यावी आणि समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवावं. शिरलेली हवा खोलीतली उष्णता घेऊन तिकडून बाहेर पडते. जायला वाट नसेल तर नवी हवा यायलाही जागा उरत नाही.

याची किंमत पाण्यात मोजावी लागते. भर दुपारी मोठा कूलर तासाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज पितो. टँकरची वाट बघणाऱ्या वस्तीत ही चैन नाही परवडत, हे मान्यच करायला हवं. वाफ होऊन पाणी जातं, क्षार मागे राहतात. बोअरचं पाणी असेल तर ताट्यांवर पांढरा खार चढतो आणि हवेची वाट अडते. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासली, तर क्षारही जातात आणि डेंग्यू पसरवणाऱ्या डासांच्या अळ्याही.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचं दुखणं वेगळं. दिवसभर ऊन खाल्लेला स्लॅब संध्याकाळी ती उष्णता खाली सोडू लागतो आणि रात्री दहालाही छत हाताला गरम लागतं. गच्चीला उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा हात दिला, तर बरंचसं ऊन परत फिरतं आणि स्लॅब मुळात कमी तापतो. स्वस्तातला इतका चांगला उपाय दुसरा नाही, असं माझं ठाम मत आहे.

एक गोष्ट मात्र घरातल्या लहानथोरांना बजावून ठेवा. पत्र्याच्या कूलरमध्ये वीज आणि पाणी शेजारी-शेजारी असतात. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यायचं.

आणि मृगाच्या सरी सुरू होऊन हवा दमट झाली की पंप बंद करून नुसता पंखा चालवा. त्या दिवसांत ताट्या भिजवून उकाडाच वाढतो.