पार्श्वभूमी : एसईओच्या खर्चाचा हिशेब नेमका कुठे तुटला?

एसईओ म्हणजे गूगलच्या निकालांत साइट वर आणण्याचं काम. त्यासाठी एजन्सीला दरमहा पैसे मोजणाऱ्या छोट्या व्यावसायिकाची तक्रार ठरलेली असते. रिपोर्टमध्ये सगळे बाण हिरवे, फोन मात्र पूर्वी यायचे तेवढेच. एजन्सीचं उत्तरही ठरलेलं : एसईओला वेळ लागतो. हे उत्तर अगदीच थाप नाही. चार महिने ते एक वर्ष धरून चाला, असं खुद्द गूगलच्या मार्गदर्शनात सांगितलेलं आहे. पण वर्ष उलटलं तरी वाद मिटत नाही, कारण तो मिटवता येईल असा पुरावाच २०११ ते २०१३ या दोन वर्षांत हातातून गेला.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगून पुढे जाऊ. दुसऱ्या साइटवरून येणारी लिंक म्हणजे एक मत, या तत्त्वावर गूगल उभं राहिलं. साहजिकच मतं विकणारे आले. ‘दहा कीवर्ड (शोधाचे शब्द), शंभर बॅकलिंक (बाहेरून येणाऱ्या लिंका)’ अशी पॅकेजं तेव्हाची. मोजायला सोपी, म्हणून विकायलाही सोपी. गूगलने क्रमवारीच्या पद्धतीत एप्रिल २०१२ मध्ये केलेल्या ‘पेंग्विन’ नावाच्या बदलाने अशा लिंकांवर घाव घातला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नकोशा लिंका नाकारण्याचं साधन आलं. मग लिंका काढून देण्याचीही सेवा विकली जाऊ लागली! पॅकेजची भाषा मात्र आजही कोटेशनमध्ये तशीच दिसते.

आता मूळ मुद्दा. २०११ पर्यंत कुणी गूगलवर शोधून तुमच्या साइटवर आला की त्याने टाइप केलेले शब्दही मागोमाग यायचे. आधीच्या पानाच्या पत्त्यातच ते असत आणि साइटवर येणाऱ्यांची मोजदाद करणारं गूगलचं अ‍ॅनालिटिक्स ते वेगळे काढून दाखवी. नाशिकच्या सोफा दुरुस्तीवाल्याला अमुक शब्दावरून किती जण आले आणि त्यांतल्या कितींनी चौकशीचा फॉर्म भरला, हे एकाच तक्त्यात दिसे. एसईओच्या बिलाला एवढा पुरावा पुरेसा होता.

ऑक्टोबर २०११ मध्ये गूगलने जाहीर केलं की लॉग-इन केलेल्यांचा शोध यापुढे एन्क्रिप्टेड, म्हणजे झाकलेला राहील आणि त्यातले शब्द साइटला मिळणार नाहीत. कारण दिलं खासगीपणाचं. याचा परिणाम दहा टक्क्यांहून कमी शोधांवर होईल, असा तेव्हाचा अंदाज होता. सप्टेंबर २०१३ पर्यंत जवळपास सगळेच शोध झाकले गेले आणि तक्त्यात शब्दांच्या जागी ‘नॉट प्रोव्हायडेड’ ही एकच ओळ फुगत गेली.

वाद पेटला तो खासगीपणावरून नव्हे. जाहिरातीवर क्लिक झाली तर तेच शब्द जाहिरातदाराच्या साइटला मिळतच राहिले. तोच माणूस, तोच शोध. पैसे भरले असतील तर शब्द दिसणार, नाहीतर नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये ही गळतीही बंद केली गेली, पण जाहिरात खात्याच्या रिपोर्टमध्ये शब्द दिसतच राहिले. गूगलच्या बाजूने बोलणारे म्हणतात की आरोग्य, कर्ज असल्या शोधांना आडोसा हवाच होता. ते मान्य. तरी आडोसा एकाच बाजूला का, याचं पटेल असं उत्तर आजवर वाचनात आलेलं नाही.

छोट्या धंद्याच्या दृष्टीने यातून शब्द आणि चौकशी यांची जोडणी तुटली. शब्द सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात, चौकशी अ‍ॅनालिटिक्समध्ये. दोन्हींत समान दुवा फक्त पानाचा. ही मोकळी जागा क्रमांकांनी भरली : अमुक कीवर्डवर आपण तिसरे, तमुकवर पहिले. कीवर्ड निवडणार एजन्सी, मोजणारही तीच. कुणी कधी शोधत नाही असा पाच-सहा शब्दांचा लांबलचक कीवर्ड घेतला, की पहिला नंबर फारसा अवघड नसतो.

दुसरी मेख दुकानाच्या नावाची. गिऱ्हाईक पाटी वाचून किंवा ओळखीतून नाव घेऊन शोधतं आणि ती क्लिकही एसईओच्या खात्यावर जमा होते. सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स पानावर आपलं नाव असलेले शोध फिल्टर लावून वगळले, की उरतो तो आकडा बराच प्रामाणिक. बराच, पूर्ण नव्हे. मोजक्याच लोकांनी केलेले शोध गूगल तिथे दाखवत नाही आणि फिल्टर लावला की ते बेरजेतूनही गळतात. मोठ्या साइटला त्याचं काही वाटणार नाही. तालुक्याच्या गावातल्या दुकानाचे शोध मुळात थोडे, त्यात कुणी देवनागरीत लिहितं, कुणी रोमनमध्ये, कुणी बोलून शोधतं. त्याच्या वाट्याला झाकलेला भागच जास्त येतो.

त्यानंतरचे बदल भराभर आले. नकाशावरच्या नोंदीला २०१४ मध्ये ‘गूगल माय बिझनेस’ हे नाव मिळालं, २०२१ मध्ये ते ‘बिझनेस प्रोफाइल’ झालं. तिथले कॉलचे आकडे मालकाला फुकट दिसतात, पण तेच एजन्सीच्या पीडीएफमध्ये कमाई म्हणून छापले जातात. प्रत्यक्षात तो आकडा बटण दाबल्याचा असतो, बोलणं झाल्याचा नाही. जुलै २०२३ मध्ये जुन्या अ‍ॅनालिटिक्सने नवे आकडे घेणं थांबवलं आणि वर्षभराने जुने आकडे पाहण्याची सोयही गेली. ज्यांनी ते उतरवून ठेवले नाहीत, त्यांची आधीच्या वर्षांशी तुलनाच संपली. ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे निकालांच्या वर एआयने तयार केलेलं उत्तर, आलं. उत्तर वरच मिळू लागलं, पण त्यातल्या क्लिका सर्च कन्सोलमध्ये वेगळ्या दिसत नाहीत.

सप्टेंबर २०२५ मध्ये एका पानावर शंभर निकाल मागवण्याची गूगलची जुनी सोय बंद पडली. बऱ्याच साइटचे इम्प्रेशन, म्हणजे निकालांत साइट किती वेळा दिसली तो आकडा, रातोरात घसरले. क्रमांक तपासणारी टूल्स खोलवरची पानं उघडत होती आणि तेही ‘दिसलो’ म्हणून मोजलं जात होतं, असा निष्कर्ष या धंद्यातल्याच अनेकांनी काढला. तळाचे हे इम्प्रेशन गेल्यामुळे त्या साइटचा सरासरी क्रमांक मात्र त्याच महिन्यात, कुणी काहीही न करता, सुधारलेला दिसला.