मुक्त सॉफ्टवेअरचा मोबदला

ज्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड (प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर) कोणालाही वाचता, बदलता व वाटता येतो, त्याच्या कर्त्यांना पैसा कसा मिळतो याविषयीची प्रथा. मराठीत ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे दोन शब्द वेगळे असूनही या दोहोंची गल्लत होते, हे खेदाचे आहे.

प्रथेच्या आरंभाविषयी एकमत नाही. काही जण तो बर्कली विद्यापीठाने १९७८ पासून वाटलेल्या युनिक्स या संगणक-प्रणालीच्या चुंबकीय फितींपर्यंत मागे नेतात. परंतु त्या वापरण्यास युनिक्सची मालक असलेल्या एटी अँड टी कंपनीचा परवाना लागे. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन १९८५ च्या सुमारास ईमॅक्स या मजकूर-संपादकाची फीत १५० डॉलरना विकत आणि घेणाऱ्यास ती पुढे वाटण्याची पूर्ण मोकळीक असे. हाच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक दिसते. सिग्नस या कंपनीने १९८९ पासून प्रतीऐवजी दुरुस्ती व साहाय्य विकले.

ठरावीक सुधारणेमागे ठरावीक रक्कम देण्याची ‘बाउंटी’ पद्धत सोलापूरकरांना समजावून सांगावी लागत नाही. येथील विडी कामगार स्त्रियांना हजार विड्यांमागे मजुरी मिळते. पाने भिजवणे, कापणे यांचा वेगळा दाम नाही. छाट म्हणून बाजूला काढलेल्या विडीचे कष्टही वायाच. बाउंटीतही नव्या सोयीला पैसे मिळतात. तक्रारी वाचणे, जुना कोड जपणे हे बिनमोबदल्याचे काम ठरते. या दुर्लक्षाची किंमत २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ दोषाने दिसली: जगभरचे व्यवहार ज्यावर विसंबून होते त्या ओपनएसएसएल या सुरक्षा-सॉफ्टवेअरमध्ये तो दोष निघाला आणि त्याला तोवर वर्षाकाठी देणग्या मिळत त्या सुमारे २,००० डॉलरच्या.

त्यानंतर देखभालीसाठी निधी उभे राहिले. जर्मन सरकारचा सॉव्हरिन टेक फंड २०२२ चा. भारतात झेरोधा या शेअर-दलाली कंपनीने २०२४ मध्ये वर्षाला १० लक्ष डॉलरचा निधी जाहीर केला.

न्याय्य दराचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. नवोदितांना मुक्त सॉफ्टवेअरवर काम करण्यासाठी पैसे देणाऱ्या गुगल समर ऑफ कोड (२००५ पासून) या उपक्रमातील विद्यावेतन अलीकडे देशागणिक क्रयशक्तीनुसार ठरते. स्वस्ताईच्या हिशेबाने ते समर्थनीय मानले जाते. प्रस्तुत लेखकास ते पटत नाही, कारण सोलापुरात बसून लिहिलेली दुरुस्ती बोस्टनमधल्या संगणकावरही तेवढेच काम करते. विडीची किमान मजुरीही राज्यागणिक वेगळीच असते.