डेम्लो संख्येची पार्श्वभूमी

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या उलटसुलट कशीही वाचली तरी तीच राहते. नऊ वेळा १ लिहून झालेल्या १११११११११ या संख्येचा हा वर्ग आहे. गुणाकार मांडताना प्रत्येक ओळीत केवळ १ हाच अंक येतो आणि ओळ एकेका घराने सरकत जाते. त्यामुळे कडेच्या स्तंभात एक, मधल्या स्तंभात नऊ एक जमतात, आणि नऊच्या पुढे बेरीज जात नसल्याने कुठेही हातचा येत नाही. तिचे मूळ अवयव मात्र या डौलाचा काही मागमूस देत नाहीत: ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग.

अशा संख्यांचे आकर्षण नवे नव्हे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, इसवी सनाच्या नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ या संस्कृत ग्रंथात हारासारखी सममित उत्तरे देणारे गुणाकार दिले आहेत. त्यांतील २७९९४६८१ × ४४१ याचे उत्तर १२३४५६५४३२१, म्हणजेच सहा एकांचा वर्ग, येते. एकापासून सहापर्यंत चढून क्रमाने उतरणारी संख्या असे तिचे वर्णनही त्यांनी केले आहे.

या संख्यांना आजचे नाव मिळाले ते देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्यामुळे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी.आय.पी.) रेल्वेवरील, मुंबईपासून सुमारे तीस मैलांवरच्या डेम्लो (आजचे डोंबिवली) स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली, म्हणून त्यांनी त्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटले. गणितात स्थानकाचे नाव लावण्याचा हा प्रकार विरळाच. १९३८ मध्ये ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात त्यांचा या विषयावरील लेख आला. त्यांची व्याख्या वर्गांपुरती मर्यादित नव्हती: डाव्या आणि उजव्या भागांची बेरीज केली असता मधल्या भागातील अंकच पुन्हापुन्हा यावा, एवढीच मूळ अट. २५५३ मध्ये २ आणि ३ यांची बेरीज ५, आणि मध्ये ५५. आपल्या सतरा अंकी संख्येत १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ यांची बेरीज ९९९९९९९९ होते, मध्ये उभा आहे तो ९.

दहावा एक जोडला की हातचा येतो आणि आकृती मोडते: दहा एकांच्या ११११११११११ या संख्येचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा येतो. सममिती गेली, पण याच वर्गाचे १२३४५६७९० आणि ०९८७६५४३२१ असे दोन तुकडे करून बेरीज केली, तर पुन्हा ११११११११११ हीच संख्या मिळते. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५, हा तोच गुणधर्म; आणि तो असलेल्या संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात.