गेलेल्या रक्ताचं माप

ऑपरेशन संपत आलं की भूलतज्ज्ञ रक्त ओढून साठवणाऱ्या सक्शनच्या बाटलीकडे बघतात, बाजूला मोजून ठेवलेले लाल मॉप, म्हणजे रक्त टिपायचे कापडी बोळे, बघतात आणि विचारतात, "किती गेलं असेल?" "चारशे, फार तर पाचशे मिली," असं उत्तर येतं. गोव्यात पणजी असो की काणकोण, पुष्कळ ऑपरेशन थिएटरांमध्ये हिशेब अजून असाच होतो. पण नजर फसते. थोडं गेलेलं जास्त वाटतं आणि खूप गेलेलं कमी. यातली दुसरी चूक जिवावर बेतते.

हा अंदाज पहिल्यांदा नीट तपासला गेला तो १९२४ मध्ये. आपल्या पणजीच्या वैद्यकीय शाळेला तेव्हा ८२ वर्षं झाली होती. अमेरिकेत गॅच आणि लिटल या डॉक्टरांनी ऑपरेशनचे बोळे नि कपडे धुऊन काढले, त्या पाण्यात आम्ल घातलं आणि उतरलेल्या रंगाच्या गडदपणावरून रक्ताचं प्रमाण काढलं. पद्धत चोख, पण रुग्ण टेबलावर असताना एवढा वेळ कुणाकडे असणार?

१९४२ मध्ये अमेरिकी सर्जन वांगेनस्टीन यांनी तराजू पुढे केला. कोरा मॉप २० ग्रॅमचा आणि भिजलेला ९५ ग्रॅमचा असेल, तर त्यात साधारण ७५ मिली रक्त आहे. एक मिली रक्ताचं वजन एक ग्रॅमहून किंचितच जास्त भरतं. मला आजही हीच पद्धत सर्वांत प्रामाणिक वाटते. अट एकच: पोट धुवायला किती सलाइन वापरलं ते सिस्टरने लिहून ठेवायला हवं, नाहीतर पाणीही रक्त म्हणून मोजलं जातं. चादरीत मुरलेलं आणि जमिनीवर सांडलेलं रक्त तरीही सुटतंच.

पुढे हिमोग्लोबिनवरून हिशेब करायची सूत्रं आली. पण रक्त गेल्या गेल्या हिमोग्लोबिन उतरत नाही आणि सलाइन चढवलं की ते पातळ होतं. अलीकडे मॉपचा फोटो घेऊन त्यातलं हिमोग्लोबिन सांगणारी यंत्रंही निघाली आहेत.

मला मात्र जवळचं वाटतं ते चोर्ला घाटापलीकडे, बेळगावात झालेलं काम. तिथल्या डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर बाळंतिणीच्या कमरेखाली अंथरायची प्लास्टिकची पारदर्शक चादर तयार केली. तिच्या खालच्या टोकाला नरसाळ्यासारखी पिशवी आणि पिशवीवर मापाच्या रेघा. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात डोळ्यांचा अंदाज या पिशवीतल्या मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी निघाला.

२०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांत, दोन लाखांहून अधिक बाळंतपणांत, अशीच मापाची चादर आणि रक्तस्राव दिसताच एकदम सुरू करायचे उपचार यांची जोड दिली गेली. अतिगंभीर रक्तस्राव, त्यापायी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, यांचं एकत्रित प्रमाण नेहमीच्या पद्धतीच्या रुग्णालयांत ४.३ टक्के होतं. ही जोड दिलेल्या रुग्णालयांत ते १.६ टक्के राहिलं.