नागरीकरण आणि नदी : पुण्याची मुळा-मुठा

मुळा आणि मुठा या सह्याद्रीत उगम पावणाऱ्या नद्या पुण्यात संगमापाशी एकत्र येतात आणि पुढे मुळा-मुठा या जोडनावाने पूर्वेकडे वाहत भीमेला मिळतात. त्याआधी दापोडीजवळ पवना मुळेत येते, पाषाण-बाणेरकडून रामनदी येते आणि कात्रजच्या डोंगरातून उतरलेला आंबील ओढा दत्तवाडीच्या बाजूने मुठेत शिरतो. शहराच्या वाढीने नदीचे काय होते हे समजून घ्यायचे तर मोठ्या पात्रांआधी या ओढ्यांकडे पाहावे लागते. पुण्याने नदी गमावली ती ओढ्यांपासून.

आंबील ओढ्याचा प्रवाह माणसाने बदलला तो पेशवाईत. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी बंदिस्त नळातून शहरात आणले गेले. वाटेत उच्छ्वास, म्हणजे नळातली हवा बाहेर सोडणारे उंच बांधकाम, उभारले, पेठांमधून हौद बांधले. त्याच सुमारास पर्वतीच्या पायथ्याशी ओढ्याला बांध घालून तळे केले आणि वाढत्या पेठांच्या आड येणारा प्रवाह पश्चिमेला मुठेकडे वळवला. त्या तळ्याच्या जागी आज सारसबाग आहे. म्हणजे तेव्हाही शहरासाठी पाण्याची वाट बदलली होती. पण वळवलेल्या पाण्याला वाहायला पात्र दिले होते आणि थांबायला तळे. नंतरच्या काळात नेमके हेच राहून गेले.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरण फुटले आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा त्या वेळच्या कडेच्या भागांत वसाहती आणि सहकारी सोसायट्या उभ्या राहिल्या. पुराने शहराला बाहेर ढकलले, असे म्हणता येईल. यांपैकी सहकारनगर आंबील ओढ्याच्या शेजारी आहे. पुढच्या दशकांत ओढ्याच्या दोन्ही काठांवर इमारती, सीमाभिंती आणि वस्त्या दाटत गेल्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रज भागात अतिवृष्टी झाली आणि ओढ्याने भिंती पाडल्या, गाड्या आणि जनावरे वाहून नेली. सहकारनगर परिसरातल्या अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी या भागांत माणसे दगावली. या वेळी धरण फुटले नव्हते. पुरातून उठून आलेल्यांसाठी वसवलेल्या भागात अठ्ठावन्न वर्षांनी पुन्हा पूर आला तो एका ओढ्याचा.

याचे कारण जमिनीत आहे. पुण्याखाली बेसाल्टचा कातळ आहे. त्यात पाणी साठते ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत. टेकडीच्या उतारावर गवत, झाडे आणि माती असली की पावसाचे पाणी रेंगाळते, मुरते आणि काही महिने झऱ्यांवाटे ओढ्याला मिळत राहते. उतार फोडून त्यावर काँक्रीट, डांबर आणि फरसबंदी आली की तेच पाणी थोड्या वेळात ओढ्यात येऊन आदळते, आणि उन्हाळ्यात ओढ्यात सांडपाण्याखेरीज काही उरत नाही. पूर आणि टँकर ही एकाच बदलाची दोन रूपे आहेत. म्हणून शहराच्या हद्दीत समाविष्ट केलेल्या गावांतील टेकड्यांवरचे ९७८ हेक्टर क्षेत्र जैवविविधता उद्यानासाठी राखण्याचा निर्णय नदीसाठीही तितकाच मोलाचा आहे.

१९५० मध्ये महानगरपालिका झाली तेव्हाचे शहर आटोपशीर होते. १९९७, २०१७ आणि २०२१ मध्ये आसपासची गावे टप्प्याटप्प्याने हद्दीत आली. पण शेती त्याआधीच संपत आलेली असायची. कुठे गुंठ्यागुंठ्याने जमीन विकली गेली आणि रस्ते, गटारे यांच्या आधी घरे आली. अशी बांधकामे नियमित करण्यासाठी राज्याला २००१ मध्ये गुंठेवारी कायदा करावा लागला. हडपसरजवळ मगरपट्ट्यात मात्र शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून स्वतःच नगर वसवले आणि मोबदल्यात भागीदारी राखली. जमीन गेली तरी मालकाचा हक्क टिकू शकतो याचा हा दाखला महत्त्वाचा आहे, जरी उसाचा मळा गेला तो गेलाच.

नदीच्या काठावर दोन रेषा मानल्या जातात. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. तरीही मुठेच्या पात्रात भराव पडले, रस्ते झाले. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की मुठेवरचा कमी उंचीचा भिडे पूल बुडतो, ही तर पुणेकरांची सवयीची खूण. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले. सुमारे ४४ किलोमीटर लांबीच्या नदीकाठ सुधार योजनेवरून वाद आहे तोही याच मुद्द्यावर. बांधीव काठ आणि फिरण्याच्या वाटा यांनी नदी लोकांजवळ येईल, असे समर्थक म्हणतात. पात्र आक्रसेल आणि काठची झाडे जातील, असे विरोधकांचे म्हणणे आहे. विरोधकांचा मुद्दा अधिक वजनाचा वाटतो, कारण पुराला लागणारी रुंदी सुशोभनाने भरून निघत नाही.

सांडपाण्याचा प्रश्न यापेक्षा जुना. जपानच्या कर्जसाहाय्याने ११ नवी शुद्धीकरण केंद्रे बांधण्याची योजना २०१६ पासून आहे. त्यांची एकूण क्षमता दिवसाला ३९.६ कोटी लिटर. शुद्ध केलेले काही पाणी मुंढव्याहून उपसून कालव्याने शेतीला देण्याची सोय आहे, आणि शहर व शेती यांतला हा व्यवहार वाढायला हवा. शुद्ध न झालेले पाणी जलपर्णीसह भीमेत आणि तिथून उजनी धरणात जाते. सोलापूर शहराला पिण्याचे पाणी मुख्यतः उजनीतूनच मिळते. धरणाखाली हीच भीमा पंढरपूरला चंद्रभागा होते, आणि आषाढीला वारकऱ्यांना स्नान करता यावे म्हणून उजनीतून तिच्यात पाणी सोडले जाते.