क्लाउडवर आहे म्हणून लॅपटॉपवरून डिलीट करू नका : वनड्राइव्ह आणि गूगल ड्राइव्ह वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

"सी ड्राइव्ह लाल झाला होता म्हणून वनड्राइव्हच्या फोल्डरमधल्या फायली उडवल्या, त्या क्लाउडवर होत्याच ना, पण आता क्लाउडवर पण दिसत नाहीत." हे वाक्य आम्ही सध्या इतक्या लोकांकडून ऐकतोय की शेवटी लिहूनच काढायचं ठरवलं. सीएच्या ऑफिसातली मंडळी, वकील, क्लासवाले सर, फोटोग्राफर, घरचा एकच लॅपटॉप सगळ्यांनी वापरणारे, कोणीही यातून सुटलेलं नाही. फोनवर प्रत्येकाला सगळं नीट सांगणं होत नाही आणि अर्धवट ऐकून केलं की गोंधळ अजून वाढतो. तर हे एकदा शांतपणे वाचा, घरातल्यांना आणि ऑफिसातल्यांना पण पाठवा. फाइल कॉपी-पेस्ट करणं, राइट क्लिक करणं एवढं येतं असं धरून लिहिलंय.

मुख्य गोष्ट आधी सांगतो. वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टचं) आणि गूगल ड्राइव्ह म्हणजे तुमच्या फायली इंटरनेटवर कंपनीच्या कॉम्प्युटरवर, म्हणजे क्लाउडवर, ठेवायची सोय. आणि सी ड्राइव्ह लाल म्हणजे लॅपटॉपच्या डिस्कची जागा संपत आलेली. लॅपटॉपवर दिसणारं वनड्राइव्हचं फोल्डर आणि वेबसाइटवर दिसणारं वनड्राइव्ह ही एकाच खोलीची दोन दारं आहेत, कुठल्याही दारातून सामान बाहेर टाकलं तरी खोली रिकामीच होणार. सिंक म्हणजे दोन्हीकडे सारखंच ठेवणं. तुम्ही इथे डिलीट केलं की ते तिकडे पण डिलीट करतं, त्याचं कामच ते आहे, त्याला कळत नाही की तुम्हाला फक्त लॅपटॉपवरची जागा मोकळी करायची होती. खरं तर डिलीट करताना "या फायली सगळीकडून जातील" अशी खिडकी येते, पण लोक ती न वाचता ओके करतात आणि "परत दाखवू नका" वर टिक पण करून टाकतात. मग पुढच्या वेळी तीही येत नाही.

जागा मोकळी करायचा बरोबर रस्ता वेगळा आहे आणि तो डिलीटपेक्षा सोपा आहे. फाइल किंवा आख्खं फोल्डर, त्यावर राइट क्लिक, "फ्री अप स्पेस". बस. फाइलचं नाव तिथेच दिसत राहतं, बाजूला निळ्या ढगाचं चिन्ह येतं, आणि आतला माल फक्त क्लाउडवर राहतो. उघडायला गेलात की नेटवरून खाली उतरते. विंडोज १० मध्ये २०१७ सालापासून ही सोय आहे, विंडोज ११ मध्ये पण आहे, वेगळे पैसे नाहीत. आणि जी फाइल अजून पूर्ण वर चढलेली नाही ती हे फ्री अप करतच नाही, म्हणजे घाबरायचं कारण नाही.

चिन्हं एकदा ओळखून ठेवा. निळा ढग म्हणजे फाइल फक्त क्लाउडवर, लॅपटॉपवर नुसतं नाव. पांढऱ्या गोलात हिरवी टिक म्हणजे तुम्ही कधीतरी उघडली म्हणून लॅपटॉपवर पण आहे. पूर्ण हिरवा गोल आणि आत पांढरी टिक म्हणजे कायम लॅपटॉपवर ठेवलेली. दोन गोल फिरणारे बाण म्हणजे सिंक चालू आहे, थांबा. लाल फुली म्हणजे अडकलंय, ते बघायला पाहिजे, महिनोन्महिने तसंच सोडू नका. शंका आली तर फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा, तिथे "साइज" आणि "साइज ऑन डिस्क" असे दोन आकडे असतात. पहिला चाळीस जीबी आणि दुसरा जवळपास शून्य असेल तर ते फोल्डर तुमच्या डिस्कवर जागा खातच नाहीये, उगाच त्याच्या मागे लागू नका, जागा दुसरंच काहीतरी खातंय. असे लॅपटॉप पण आमच्याकडे येतात, लोकांनी वनड्राइव्ह रिकामं केलेलं असतं आणि सी ड्राइव्ह तसाच लाल.

याच्या उलट पण एक गोष्ट आहे. ज्या फायली नेट नसताना लागणार आहेत, म्हणजे वकिलांना कोर्टात, इंजिनिअरना साइटवर, सरांना गावाकडच्या केंद्रावर, त्या फोल्डरवर राइट क्लिक करून "ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस" करून ठेवा. विंडोजमध्ये स्टोरेज सेन्स नावाची सेटिंग आहे, ती चालू असेल तर बरेच दिवस न उघडलेली फाइल आपोआप ढगात जाऊ शकते आणि नेमकी तारखेच्या दिवशी उघडत नाही. मग फोन येतो की फाइल करप्ट झाली. करप्ट काही झालेली नसते, ती खाली उतरलेली नसते एवढंच.

पण आम्ही तर वनड्राइव्ह चालू केलंच नव्हतं

हे सगळेच म्हणतात आणि ते खरं असतं. नवीन लॅपटॉप पहिल्यांदा चालू करताना मायक्रोसॉफ्ट अकाउंट टाकलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही तिन्ही फोल्डर्स बऱ्याचदा वनड्राइव्हच्या आत जाऊन बसतात. तुम्हाला वाटतं फाइल डेस्कटॉपवर आहे, पण तो डेस्कटॉपच वनड्राइव्हमध्ये असतो. फुकट अकाउंटला जागा ५ जीबी. दोन लग्नांचे फोटो आणि एक व्हिडिओ टाकला की संपली. मग "युअर वनड्राइव्ह इज फुल" चे मेसेज सुरू होतात, नवीन फायली वर चढणं थांबतं, आणि ज्यांचं मेल आउटलुक डॉट कॉमवर आहे त्यांचे मेल येणं-जाणं पण अडू शकतं.

इथेच तीच चूक दुसऱ्या बाजूने होते. माणूस वैतागून मोबाइलवरून किंवा वेबसाइटवरून वनड्राइव्ह उघडतो, सगळं सिलेक्ट, डिलीट, "मला क्लाउड नकोच, माझं लॅपटॉपवर आहे". आणि थोड्या वेळाने लॅपटॉपचा डेस्कटॉप रिकामा. लोक म्हणतात व्हायरस आला. व्हायरस नाही, सिंक झालं.

वनड्राइव्ह नकोच असेल तर तुमची मर्जी, आमचा आग्रह नाही, पण क्रम पाळा. आधी वनड्राइव्हच्या फोल्डरवर "ऑलवेज कीप" करून सगळं खाली उतरू द्या, सगळीकडे हिरव्या टिका येईपर्यंत थांबा, नेट स्लो असेल तर रात्रभर लागेल, लागू द्या. मग सगळं एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर किंवा डी ड्राइव्हवर कॉपी करा. कॉपी, कट नाही. चार-पाच फायली तिथून उघडून बघा. त्यानंतर घड्याळाजवळच्या ढगावर क्लिक, सेटिंग्ज, "सिंक अँड बॅकअप", "मॅनेज बॅकअप", आणि तिथे एकेका फोल्डरचं बटण बंद करा. नवीन व्हर्जनमध्ये ते विचारतं की फायली कुठे ठेवायच्या, "ओन्ली ऑन माय पीसी" निवडा. जुन्या व्हर्जनमध्ये विचारत नाही, फायली वनड्राइव्हच्या फोल्डरमध्येच राहतात, डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि तिथे एक शॉर्टकट पडलेला असतो, तो उघडला की सगळं सापडतं. त्या रिकाम्या डेस्कटॉपला घाबरून काहीही उलटसुलट करू नका, आधी शॉर्टकट उघडा. हे सगळं संपल्यावरच वेबसाइटवरून काय उडवायचं ते उडवा.

आणि रागाच्या भरात मायक्रोसॉफ्टचं अकाउंटच बंद करू नका, ही अगदी मनापासून विनंती. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क एन्क्रिप्ट म्हणजे कुलूपबंद केलेली असते आणि बिटलॉकर नावाच्या त्या कुलपाची रिकव्हरी की त्याच अकाउंटमध्ये ठेवलेली असते. उद्या लॅपटॉपने निळ्या स्क्रीनवर ती की मागितली आणि अकाउंट नसलं तर त्यातला डेटा आम्ही काय, कोणीच काढून देऊ शकत नाही. अकाउंटचा ईमेल आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना एवढं आजच बघून ठेवा. मुलाने किंवा दुकानदाराने स्वतःच्या नंबरावर अकाउंट काढून दिलंय असं खूप ठिकाणी आहे, ते बदलून घ्या.

डिलीट झालंच असेल तर

आधी लॅपटॉप बंद-चालू, फॉरमॅट, रिकव्हरी सॉफ्टवेअर यातलं काहीच करू नका. ब्राउझरमध्ये वनड्राइव्ह उघडा, डाव्या बाजूला "रिसायकल बिन", तिथे फायली सिलेक्ट करून "रिस्टोर". घरगुती अकाउंटला ३० दिवस असतात, कंपनी किंवा शाळेच्या अकाउंटला साधारण ९३ दिवस. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्येही ३० दिवसच. लॅपटॉपचा रिसायकल बिन पण बघा, पण जी फाइल निळ्या ढगाची होती ती तिथे येत नाही, ती ऑनलाइन बिनमध्येच मिळते. पैसे भरून मायक्रोसॉफ्ट ३६५ घेतलेलं असेल तर आख्खं वनड्राइव्ह मागच्या ३० दिवसांतल्या एखाद्या तारखेला परत नेता येतं.

लोक इथेच वेळ घालवतात. दीड-दोन महिने "बघू नंतर" करून मग येतात, तेव्हा बिन रिकामा झालेला असतो. आणि मग म्हणतात डेटा रिकव्हरी करून द्या. निळ्या ढगाची फाइल तुमच्या डिस्कवर कधी नव्हतीच तर डिस्कमधून काय निघणार, आणि डिस्कवर होती तरी आजकालच्या एसएसडीमधून (नव्या लॅपटॉपमधली चिपवाली डिस्क) डिलीट झालेलं परत मिळणं फार अवघड असतं, कारण डिलीट झालेली जागा एसएसडी स्वतःच पुसून टाकते. म्हणून आम्ही अशा कामाला आधीच नाही म्हणतो, पैसे घेऊन आठवडाभर लॅपटॉप ठेवून घेणं आम्हाला पटत नाही. त्याऐवजी फायली गायब दिसल्या त्याच दिवशी फोन करा, ऑनलाइन बिनमधून परत आणायला काहीच पैसे घेत नाही.

टॅली आणि आउटलुकवाल्यांनी हे जरूर वाचा

टॅलीचा चालू डेटा डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये ठेवू नका. टॅली त्या फायली सतत उघड्या ठेवून लिहीत असतं आणि वनड्राइव्ह त्याच वेळी त्या उचलायला बघतं, त्यात दोन कॉम्प्युटर एकाच अकाउंटवर असले तर कॉम्प्युटरचं नाव जोडलेल्या डबल फायली तयार होतात आणि कुठली खरी ते कळत नाही. मार्च एंडला हा घोळ निस्तरणं कोणालाच परवडत नाही. डेटा डी ड्राइव्हवर साध्या फोल्डरमध्ये ठेवा, टॅलीमधूनच बॅकअप घ्या आणि ती बॅकअपची फाइल हवी तर क्लाउडवर टाका. आउटलुकच्या पीएसटी फाइलचं (आउटलुक ज्यात मेल साठवतं ती) पण तेच, ती सिंकच्या फोल्डरमध्ये नको.

गूगल ड्राइव्हवाल्यांना थोडक्यात. कॉम्प्युटरवर गूगल ड्राइव्ह टाकलं की "स्ट्रीम" आणि "मिरर" असे दोन पर्याय असतात. स्ट्रीममध्ये फायली क्लाउडवर राहतात आणि बहुतेक जी नावाचा वेगळा ड्राइव्ह दिसतो, मिररमध्ये सगळ्याची पूर्ण कॉपी लॅपटॉपवर उतरते. २५६ जीबीच्या एसएसडीत विंडोज दाखवतंच २३८ च्या आसपास, त्यामुळे अशा लॅपटॉपला स्ट्रीमच ठेवा. फुकट जागा १५ जीबी, पण त्यात जीमेल आणि फोटो पण आले. डिलीटचा नियम तोच.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांचा रोजचा दोन जीबी डेटा सकाळीच संपतो, त्याचं कारण बऱ्याचदा हेच सिंक असतं. वायफायच्या सेटिंगमध्ये त्या हॉटस्पॉटला "मीटर्ड कनेक्शन" करा, वनड्राइव्ह आपोआप थांबतं. किंवा ढगावर क्लिक करून "पॉज सिंकिंग", दोन, आठ किंवा चोवीस तास.

फॉरमॅटला आमच्याकडे वेळ का लागतो

बाजारात तासाभरात फॉरमॅट करून देणारे आहेत, माहीत आहे. आमच्याकडे लॅपटॉप साधारण दुसऱ्या दिवशी मिळतो. कारण फॉरमॅटच्या आधी आम्ही तुमच्यासमोर वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह उघडून बघतो की सगळं खरंच वर चढलंय का, लाल फुली कुठे आहे का, डेस्कटॉपची फोल्डर्स आणि वेबसाइटवरची फोल्डर्स ताडून बघतो, आणि तरीही लॅपटॉपवर जेवढं आहे त्याची एक कॉपी वेगळ्या हार्ड डिस्कवर घेतो. तुम्ही लॅपटॉप नेऊन सगळं बघितल्याचं सांगितलंत की ती कॉपी पुसतो. याचे वेगळे चार्जेस आहेत आणि ते आधीच सांगतो. "सगळं क्लाउडवर आहे, सरळ उडवा" असं तोंडी सांगितलं तरी आम्ही बघितल्याशिवाय उडवत नाही, ५ जीबी केव्हाच भरून सिंक बंद पडलेलं असतं आणि मालकाला पत्ताच नसतो असं वारंवार निघतं. पासवर्ड फोनवर किंवा कागदावर देऊ नका, दुकानात येऊन स्वतः टाका, ओटीपी तुमच्याच मोबाइलवर येतो त्यामुळे तसंही तुम्ही लागताच.

आणि सिंकला बॅकअप समजू नका. चुकून पुसलं, कोणी मुद्दाम पुसलं, फाइलवर दुसरंच काही सेव्ह झालं तर सिंक ते इमानदारीत सगळीकडे पोचवतं. महत्त्वाच्या गोष्टींची एक कॉपी अशा ठिकाणी हवी जिथे सिंक पोचत नाही. एक किंवा दोन टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क, आठवड्यातून एकदा लावायची, कॉपी करायची, काढून कपाटात. आमच्याकडे मिळते, दुसरीकडून घेतलीत तरी आणा, पहिली कॉपी कशी घ्यायची ते बसून दाखवतो. ज्यांच्या फायली खरंच जास्त आहेत त्यांनी ५ जीबीत कसरत करण्यापेक्षा मायक्रोसॉफ्ट ३६५ पर्सनल बघावं, त्यात १ टीबी आणि वर्ड-एक्सेल पण येतं. घरात चार-पाच जण असतील तर फॅमिलीवालं घ्या, त्यात सहा जणांपर्यंत प्रत्येकाला वेगळी १ टीबी मिळते.

आमच्या वार्षिक मेंटेनन्सच्या ग्राहकांना हे सगळं सेटिंग त्यातच धरलेलं आहे, वेगळं काही द्यायचं नाही, फक्त वेळ घेऊन या म्हणजे चिन्हं बघत शांतपणे करता येईल. बाकीच्यांनी लॅपटॉप आणताना चार्जर, अकाउंटचा ईमेल आणि तो नंबर असलेला मोबाइल बरोबर आणा. आणि येण्याआधी जागा करून ठेवतो म्हणून काहीही डिलीट करू नका, सी ड्राइव्ह लाल असला तर लाल असू दे, तसाच घेऊन या.