लाकडी सांगाड्यावरची कुजबुज

सप्टेंबर 2016 मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या सीडर पॉइंट उद्यानाने ‘मीन स्ट्रीक’ हा 1991 चा लाकडी रोलर कोस्टर बंद केला. पुढे काय, यावर उद्यान गप्प. चाहत्यांमध्ये मात्र चर्चेला ऊत आला: पाडणार की पोलादी करणार?

ऑलपोर्ट आणि पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी 1947 मध्ये सूत्र मांडलं होतं की अफवेचा जोर म्हणजे विषयाचं महत्त्व गुणिले माहितीतली संदिग्धता. इथे गुणाकार आहे, म्हणून एक बाजू शून्य झाली की अफवा उरत नाही. सीडर पॉइंटला दोन्ही बाजू भरपूर होत्या. तोंडातोंडी जाताना तपशील गळतात, उरलेले टोकदार होतात, असंही या दोघांना दिसलं. ‘बहुधा’ आणि ‘कदाचित’ गळाले की अंदाजाची बातमी होते.

मुरलेले चाहते म्हणूनच सांगाड्याकडे बघतात. रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन या कंपनीने 2011 मध्ये टेक्सासमधला जुना लाकडी कोस्टर सांगाडा ठेवून पोलादी रुळांवर आणला होता. तसेच रूळ इथे चढताना दिसले, तेव्हाच बहुतेकांना उत्तर मिळालं. अधिकृत घोषणा ऑगस्ट 2017 मध्ये झाली. त्याच सांगाड्यावरचा नवा कोस्टर ‘स्टील व्हेंजन्स’ 2018 मध्ये धावू लागला.

वेगाच्या अफवा तर कागदावरच तपासता येतात. उताराची उंची मीटरमध्ये घ्या, तिला 19.6 ने गुणा, वर्गमूळ काढा, मग 3.6 ने गुणा: ताशी किलोमीटरमध्ये कमाल वेग मिळतो. वजन यात येतच नाही. स्टील व्हेंजन्सचा उतार 61 मीटर, म्हणजे हिशेबाने सुमारे 124. प्रत्यक्षात 119 आहे. उरलेलं चाकांचं घर्षण आणि हवा खाते. वर ओढणाऱ्या साखळीचा वेग सेकंदाला 3 मीटर धरला, तरी जेमतेम अर्ध्या किलोमीटरची भर पडते. तेव्हा याच उतारासाठी कुणी 140 सांगितलं, तर ते सरळ खोडावं.

चूक बहुतेकदा दोन जागी होते. एक, जमिनीपासूनची उंची हीच उतार धरली जाते. पहिला उतार जमिनीपर्यंत पोचत नसेल, तर उत्तर फुगतं. दुसरी, सूत्र ढकलून सोडलेल्या गाड्यांना लावलं जातं. न्यू जर्सीतला ‘किंगडा का’ 139 मीटर उंच होता. सूत्र 188 देतं, पण त्याची गाडी ताशी 206 किलोमीटरने सुटायची, कारण वाटेतली झीज सोसून तिला माथा ओलांडायचा असे.